झालं की तात्यांना फोन

तात्यांना "तेवढा पंखा बंद करा" म्हणा. ते पंख्याकडे बघणारच नाहीत. तुमच्याकडे बघतील आणि विचारतील, "तिकीट हाय का?"

बारामतीतल्या आमच्या दूध शीतकरण केंद्रात आम्ही सहा जण. टाकी कधी धुवायची, जनरेटर कधी चालवून बघायचा, हे सगळं कॉम्प्युटरवरच्या एका पानावर लिहिलेलं आहे, आणि ते पान तात्यांच्या ताब्यात. त्यावरून ते दर आठवड्याची तिकिटं काढतात. तिकीट म्हणजे ज्याचं काम त्याच्या मोबाइलवर टुणकन येणारी आठवण. काम झालं की ते बंद करायचं. दारातल्या तुळशीच्या पाण्याचंसुद्धा तिकीट! एकदा भर पावसात मी छत्री धरून तुळशीला पाणी घातलं, कारण तिकीट उघडं होतं. आता हसू येतं, तेव्हा पित्त खवळलं होतं.

पण खरा वैताग म्हणजे प्रत्येक तिकिटाची शेवटची ओळ: "झालं की तात्यांना फोन करणे." अहो, तिकीट बंद केलं की त्यांना दिसतंच की! तरी फोन. मेसेज चालायचा नाही. रविवारी ते सुट्टीवर, वडगाव निंबाळकरला घरी, तरी फोन. आणि जनरेटरचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं. मग आज भाजी काय केली, तिकडं ऊन किती हाय, सासूचा गुडघा कसा हाय. आम्ही आपसांत म्हणायचो, म्हाताऱ्याचा कुणावर विश्वास म्हणून नाही.

गेल्या महिन्यात साहेबांनी ते पान आटोपशीर करायचं काम मला दिलं. मी काय, वाटच बघत होते. ती ओळ सगळीकडून उडवली. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू!

त्या रविवारी जनरेटरची पाळी माझी होती. चालवला, तिकीट बंद केलं, घरी आले.

सोमवारी तात्या डबा हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. काल जनरेटर चालवला का, म्हणाले. चालवला की, म्हटलं, तिकीट बंद झालेलं दिसलं असेल.

"व्हय, दिसलं." तरी उभेच. मग म्हणाले, "दिवसभर फोन चार्जिंगला बी लावला न्हाय. म्हटलं, तेवढ्यात वाजायचा."

तात्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या त्याला तीन वर्षं झाली. लेक बंगळुरूला. घरात दुसरं माणूस नाही. हे सगळं मला माहीत होतं, आणि माहीत असून माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. स्वतःचीच लाज वाटली.

त्याच दिवशी ती ओळ सगळीकडे परत घातली. पुढच्या रविवारी जनरेटर माझ्याकडे नव्हता. सकाळी उठून मी माझ्याच नावावर एक नवं तिकीट काढलं आणि चार वाजता फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"काय काम हाय?"

काही नाही, सहज केला, म्हटलं.

"तिकीट हाय का?"

"आहे की, तात्या. दर रविवारचं."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरं," म्हणाले, "सासूचा गुडघा कसा हाय?"