कार्ड चालते का?

एखाद्या दवाखान्याच्या रांगेत अगदी ठणठणीत माणूस उभा दिसला, की तो आमचा नामदेवभाऊच समजावा. वर्ध्याजवळच्या देवळीतला माझा शेजारी, ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर, कापसाच्या गाठी घेऊन पार गुजरातपर्यंत जातो. बाकीचे ड्रायव्हर वाटेतले ढाबे हेरतात, हा दवाखाने हेरतो. ट्रक कडेला लावायचा आणि थेट काउंटरवर जाऊन कंपनीचं विमा कार्ड पुढे करायचं.

"हे कार्ड चालते का?"

"पेशंट कुठाय?"

"अजून कोणी नाई झाला."

लोक हाकलतात, पण भाऊ कसला हलतोय! भरती करतात की नुसत्या गोळ्या देऊन वाटेला लावतात, सगळं खोदून खोदून विचारतो आणि केबिनच्या छताला आतून पेनानं लिहून ठेवतो. नकार मिळाला तर फुली. "कार्ड वर्ध्याचं अन् माणूस रस्त्यावर," तो म्हणतो. "आजार का माणूस घरी येण्याची वाट पाह्यते?"

"भाऊ, एकदा आजारी तं पडून पाहा. एवढी मेहनत वाया चालली," मी एकदा डिवचलं.

"मास्तर, मले टाइम कुठं हाय?" तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

गेल्या महिन्यात दुपारी त्याच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. त्याच्याच कंपनीतल्या गुलाबरावाचा फोन आला. गाडी धुळ्याच्या अलीकडे, छातीत कळा येताहेत. भाऊनं कप तसाच ठेवला, लुंगी सावरत दारापुढच्या ट्रकमध्ये चढला आणि छतावर पाहून जवळचा दवाखाना सांगितला. गुलाबराव पोचला, तर काउंटरवरचा माणूस म्हणे, आधी वर्ध्याहून कागद आणा.

"त्याले फोन दे," भाऊ म्हणाला. "साहेब, मागल्या पोळ्याले मी तुमच्याच खिडकीत येऊन विचारलं होतं. छातीत दुखत असन तं आधी भरती, कागद मागून, असं तुम्हीच सांगतलं. भरती करा. मी लाइन सोडत नाई."

पाऊण तास त्यानं खरंच सोडली नाही. मी घरून चार्जर आणून दिला. शेवटी गुलाबरावाला आत नेलं, सुई टोचली, तेव्हा कुठे भाऊनं फोन खाली ठेवला.

त्याची बायको, कुसुमवहिनी, तीन वर्षांमागे तापानं गेली, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी स्टिअरिंगकडे बघत तो आपणहून बोलला.

"तिले समुद्र पाहाचा होता, म्हणून संग नेलतं. येताना ताप चढला. कार्ड खिशातच होतं. तीन दवाखान्यांनी वर्ध्याले जा म्हटलं, अन् मी गाडी हाकत राह्यलो."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "समुद्र पाह्यला का पण वहिनीनं?"

"पाह्यला ना. घंटाभर पाण्यात उभी होती. उशीर होऊन राह्यला म्हणून मी भांडलो तिच्यासंग," तो म्हणाला. "भांडाचं होतं त्या खिडकीवर, तिथं मात्र माह्या तोंडून शब्द नाई निघाला."