काकांचा तिघांना होकार

काकांनी तिसऱ्या सेल्समनला कॅन्टीनमध्ये बसवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्यात येऊन कपाळावरचा घाम पुसला. पहिला, चष्मेवाला, मीटिंग रूममध्ये होता. दुसरी, एक उंच बाई, जुन्या फायलींच्या खोलीत. आता हे तिघं एकमेकांच्या दृष्टीस पडले नाहीत म्हणजे मिळवली.

काका म्हणजे या उद्योगसमूहाचे मुख्य हिशेबनीस. समूह तीन भावंडांचा. दादाची पुठ्ठ्याच्या खोक्यांची कंपनी, भाऊची साबणाची, ताईची मालवाहतुकीची. दादाच्या खोक्यांत भाऊचा साबण भरायचा आणि तो ताईच्या ट्रकमधून जायचा. वर्षअखेरीला तिन्ही कंपन्यांचे हिशेब एकत्र करायची वेळ आली, की दादा म्हणायचा, इतकी खोकी दिली. भाऊ म्हणायचा, इतकी आलीच नाहीत. ताई म्हणायची, माझ्या ट्रकांना विचारा. ही सगळी भानगड काका हाताने निस्तरत. या वर्षी मात्र बँकेने डोळे वटारले, म्हणून सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि निवड काकांवर सोपवली गेली.

इथेच घोळ झाला. दादाने 'एकजूट' सुचवलं. काका म्हणाले, "हो, उत्तम आहे." भाऊने 'समग्र' सुचवलं. काका म्हणाले, "हो हो, माझ्या मनातलं बोललास." ताईने 'सर्वमेळ' सुचवलं, तेव्हा तर त्यांनी नुसती मान हलवली, पण इतक्या उत्साहाने, की तो होकार आणखीच पक्का ठरला. नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. ही भावंडं लहान असताना कंपनीच्या गाडीत पुढे कोण बसणार, यावरही त्यांनी तिघांना हो म्हटलं होतं. शेवटी तिघंही पुढे चेंगरून बसली आणि ड्रायव्हरला गिअर सापडेना.

"काकांनी हो म्हटलंय" असं सांगून तिघांनीही आपापल्या माणसाला आज, मंगळवारीच, बोलावून घेतलं होतं. काकांना नोकरीची भीती नव्हती. एकमेकांचं अजिबात न ऐकणारी ही तिघं त्यांचं मात्र ऐकत. तेवढा एक विश्वास आज धुळीला मिळणार, हीच खरी भीती होती.

मीटिंग रूमचं दार उघडलं. चष्मेवाला म्हणाला, "साहेब, मला बाहेर फेकलं!"

"कोणी?" काका दचकले.

"सॉफ्टवेअरने हो. आत शिरलो, की परत बाहेर."

काका फायलींच्या खोलीकडे धावले. तिथे उंच बाई लॅपटॉपकडे डोळे फाडून बघत होत्या. "आत्ता चालू होतं, आत्ता गेलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसात काही बाधा वगैरे नाही ना?"

"बाधा मीच आहे," काका पुटपुटले आणि कॅन्टीनकडे पळाले. तिथला टायवाला सेल्समन वैतागून आपल्या तज्ज्ञाला फोन लावत होता. फोन स्पीकरवर होता.

"अहो, तुमच्या लोकांना झालंय काय?" तज्ज्ञ कडाडला. "हा तिसरा फोन! गिऱ्हाइकांना दाखवायचं खातं एकच आहे. एकजण आत गेला, की बाकीचे दोघं बाहेर पडणारच. आळीपाळीने दाखवा ना!"

टायवाल्याने झटकन फोन बंद केला, पण उशीर झाला होता.

"तिसरा?" काकांनी विचारलं. "म्हणजे 'एकजूट', 'समग्र' आणि हे तुमचं..."

"माल एकच आहे, साहेब," टायवाला ओशाळून म्हणाला. "आम्ही एजंट लोक वर आपापलं नाव चिकटवतो."

काका मटकन खुर्चीत बसले. मग हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुपारी भावंडं जमली, तेव्हा काकांनी छाती पुढे काढून निकाल दिला, "तिघांचीही निवड बरोबर आहे!" आणि कारण सांगितलं. दादा खूश, कारण भाऊने त्याचं ऐकलं. भाऊ खूश, कारण दादाने त्याचं ऐकलं. ताई मात्र काकांकडे बघून गालातल्या गालात हसत होती.

"काका, तुम्ही मला हो म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं मी, की या दोघांनाही म्हणालाय."

काकांचा चेहरा पडला. "मग बोलली का नाहीस?"

"आम्हा तिघांनाही माहीत असतं, काका. अगदी त्या गाडीपासून," दादा म्हणाला.

"तरी विचारतो," भाऊ म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात, की पुढे कसंबसं तिघांनाही बसवता."

चष्मा पुसण्याच्या निमित्ताने काका बाहेर आले, तर जिन्यात तिन्ही सेल्समन त्यांची वाट बघत उभे.

"साहेब, घ्यायचंच आहे, तर माझ्याकडूनच घ्याल ना?" तिघांनी एकदमच विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. मान हलायच्या बेतात होती.

"काका!" वरून ताईची हाक आली.

काकांनी मान जागच्या जागी धरली, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "कळवतो."