मंगयले काय देशी, भाऊ?

रनाळ्यात नथूभाऊंना रामराम घातला की उलट रामराम येई आणि त्याच्या पाठोपाठ प्रश्न येई, "मंगयले काय देशी, भाऊ?" मंगळाला काय देशील, असा. अहिराणीत मंगळाचा मंगय होतो हे ज्याला ठाऊक, तोही पहिल्यांदा बावचळत असे.

नथूभाऊ नंदुरबारच्या एका जिनिंग गिरणीत काट्यावर होते. दिवसभर कापसाच्या गाड्या तोलून तोलून त्यांची कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवयच मोडली होती. कुणी काही ठासून सांगितलं की ते मान वाकडी करून विचारत, "देखं का तू?" पाटलाच्या विहिरीत भूत आहे? देखं का तू? पुतण्या मुंबईत साहेब झाला? देखं का तू? त्यांच्यासमोर गप्पा मारणं म्हणजे कोर्टात साक्ष देणं.

वाचनालयात मी त्यांना एकदा बातमी वाचून दाखवली. अमेरिका मंगळाकडे यंत्र पाठवणार होती; आत माणूस नाही, नुसता कॅमेरा. एवढा खर्च कशाला, असं तिकडचेच काही लोक विचारत होते. हे ऐकताच नथूभाऊ उठले. "पैसासाठे काम आडाले नको," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गणी सुरू.

कारण साऱ्या गावाला माहीत होतं. त्यांची धाकटी बहीण सिंधू. तिच्या पत्रिकेत मंगळ होता. अशी बायको नवऱ्याच्या मुळावर येते, या भीतीने आलेलं प्रत्येक स्थळ परत जाई. त्यातलं एक घर आमचं. "मन्हा एकच पोऱ्या शे," आई म्हणाली होती. मी शाळेत मास्तर, पुस्तकं वाचणारा. काहीच बोललो नव्हतो.

वर्गणीचा अर्थ गावाने आपल्या परीने लावला. मंगळाची शांती असणार! शेजारची गंगूमावशी मसुराची डाळ आणि लाल खण घेऊन आली.

"मावशी, यंत्रले मसूर चालस नही."

"मंग जेवाडशी कोनले?"

"कोनलेच नही. त्याम्हा मानूसच नही."

"मानूस नही ते गाडी हाकस कोन?"

"घर बसीसन हाकतस."

"मन्हा घरना धनीबी तसाच शे," म्हणत मावशीने डाळ उचलली.

जमलं ते बेताचंच. नथूभाऊंनी तमाखू सोडून तो खर्च त्यात घातला आणि माझ्याकडून मनीऑर्डरचा फॉर्म भरून घेतला. निरोपाच्या जागी लिहायला लावलं, "कॅमेरा चांगला लावा. घाई करू नका." पोस्टमास्तरांनी फॉर्म परत सरकवला. अमेरिकेला मनीऑर्डर जात नाही, म्हणाले.

"मंगयलगून यंत्र जाई ऱ्हायनं, आन् तुमनी मनिआडर मुंबईना पुढे जात नही?"

पैसे ज्याचे त्याला परत गेले. तमाखू मात्र त्यांनी पुन्हा धरली नाही. "यंत्र पोचाले जोयजे," एवढंच म्हणत.

पासष्ट साली ते पोचलं. पेपरात फोटो आला, करडा, नुसते खड्डे. नथूभाऊ कात्रण घेऊन थेट आमच्या ओसरीवर आले आणि आईपुढे ठेवून म्हणाले, "काकू, देखा. माती शे, खड्डा शेतस. तुमना पोऱ्यावर रागे भराले आठे कोन शे?"

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हाई ते आपलं नालाकाठनं वावर दिखस," ती पुटपुटली.

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "माय, माले सिंधू पसंत शे."

तुळशीचं लग्न लागलं आणि आठवड्याने आमचं.

आमच्या संसाराला चार वर्षं मिळाली. या पावसाळ्यात सिंधू तापाने गेली. मला काहीही झालं नाही.

दहाव्याला माझे मामा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रडू नको. सिंधू जठे व्हई तठे सुखमा व्हई."

मी नथूभाऊंकडे पाहिलं. त्यांची मान वाकडी झाली होती. पुढचे तीन शब्द मला पाठ होते, आणि ते ऐकायची त्या दिवशी माझी ताकद नव्हती.

नथूभाऊंनी मान सरळ केली.

"व्हई," ते म्हणाले. "सुखमाच व्हई."