शेवळात काकडी

अनघा कुठलंही पान आधी तोंडात घालायची आणि मग त्याचं नाव विचारायची. खर्डीला माझ्या घरी राहायला आली त्याच दिवशी तिने कुंपणाचं पान चावलं. मी ओरडले, "अगो, मोगली एरंड हाय तो! थुंक!"

"जरासंच, आजी," ती म्हणाली. "जिभेच्या टोकाला."

ही पुण्याची पोरगी रानभाज्यांवर पीएचडी करत होती. कुठल्या भाजीत किती कस, जुन्या काळी धान्य संपलं की लोक काय खायचे, असलं काहीतरी. मी चौथीपर्यंत शिकले, मला त्यात काही कळत नाही. मला एवढंच कळत होतं की ही एक दिवस माझ्या ओटीवर मरणार आणि लोक म्हणणार, म्हातारीने काय घातलं कुणास ठाऊक.

पाल दिसली की ही खाटेवर चढायची. बेडूक दिसला की किंचाळायची. पण मुरबाडच्या बाजूला पाड्यांवर एकटी हिंडायची आणि दारात उभी राहून लोकांना विचारायची, "काल काय काय खाल्लंत?" एका बाईने तर तिला बघून भाकरीचं टोपलंच झाकलं. म्हणाली, "नजर लावाया आली गो!"

जूनच्या तोंडाला रानात शेवळं निघाली. जमिनीतून वर येणारे हे कोंब चवीला मटणासारखे, पण नीट शिजवले नाहीत तर घसा धरतात. मी अनघाला बजावलं होतं, "शेवळात काकडं घालायची, त्याबिगर तोंडात घालायची नाय." काकड म्हणजे रानातलं आंबट, हिरवं फळ. शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून ते फळ मी तिला दाखवलं नाही.

दुपारी मी पुतणीकडे जाऊन परत आले, तर ही उंबऱ्यावर बसलेली. ओठ सुजलेले, तोंड उघडं, लाळ गळतेय, श्वासाची शिट्टी वाजतेय. चुलीवर शेवळांची भाजी आणि तिच्यात काकडीच्या फोडी. शहापूरच्या बाजारातली, कोशिंबिरीची काकडी!

आंबटाने घशाची खाज मरते म्हणून चिंचेचा कोळ दिला, तो गिळता येईना. शेजारच्या गणपतने रिक्षा काढली.

"आजी, काय खायाला घातलंस हिला?"

"मी नाय घातलं. तू चालव!"

हायवेला ट्रकांची रांग होती. तिची शिट्टी बारीक होत चालली, नखं माझ्या मनगटात रुतली. माझ्या तोंडातून शिव्या येत होत्या. "डोळे मिटू नको गो! मेलीस तर बघ, थोबाड फोडीन तुझं!" गणपत मागे वळून बघायचा, मग त्यालाही शिवी.

शहापूरला दवाखान्यात डॉक्टरने इंजेक्शन दिलं, नळी लावली. नर्सने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी हिच्या कोण?" मी पदराने पोरीची लाळ पुसली.

संध्याकाळी तिला थोडा आवाज फुटला. मी विचारलं, "मी येईपर्यंत दम नाय धरवला? एवढी काय भूक लागलेली?"

"भूक नव्हती." कोंबडा खाकरावा तसा आवाज. "तुमच्यासाठी केली होती, आजी. दोन ताटं घेतली. मग भीती वाटली. माझं काही चुकलं असलं, तर तुमच्या वयात..."

"म्हणून तू आधी खाल्लीस?"

तिने मान हलवली.

जन्मभर शेवळं खाल्लेली बाई मी. हसायला हवं होतं. आमच्यात बाईच्या आधी सगळेच जेवतात. सासरा जेवला, नवरा जेवला, पोरं जेवली, मग टोपात उरलं ते माझं. माझ्या जिवाला काही होऊ नये म्हणून माझ्याआधी जेवलेली ही पहिलीच.

"गप पड," मी म्हणाले.

नर्स येऊन म्हणाली, धोका टळलाय, हिला रात्रभर इथेच ठेवतो, तुम्ही आता घरी गेलात तरी चालेल. गणपत बाहेर रिक्षा लावून थांबला होता. मी त्याला सांगितलं, तू जा.