वाळलेल्या वांग्याचा निकाल

मला वांगं आवडतं. एवढ्यावरून माणसाची अब्रू पणाला लागेल असं कुणाला वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण आमचं बिऱ्हाड ठाण्याच्या ब्राह्मण आळीत, आणि आळीतला चातुर्मास कडक. आषाढी एकादशी आली की कांदा, लसूण आणि वांगं घराबाहेर जातात, ते कार्तिकीपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत. कांदा-लसणाचं मी सोसतो. वांग्याचं सोसवत नाही. श्रावणात पानात दुध्या पडला की माझं तोंड सुतकात असल्यासारखं होतं, असं आमच्या कुटुंबाचं म्हणणं आहे. (मी आरशात पाहिलं. खरं आहे.)

ही प्लेगच्या आदल्या सालची गोष्ट. मी दिवाणी कोर्टात कारकून. साहेबांच्या टेबलावरून रद्दीत गेलेला एक विलायती पेपर मी फडताळात अंथरायला म्हणून घरी आणला आणि अंथरायच्या आधी वाचला, तिथेच घोटाळा झाला. त्यात लिहिलं होतं, की विलायतेत पलटणींसाठी भाज्या वाळवून ठेवतात; पाण्यात टाकल्या की पुन्हा जशाच्या तशा ताज्या होतात.

मी ताडकन उठून बसलो. कोर्टात इतकी वर्षं लेखणी झिजवल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती: नवा कायदा लागू होण्याआधी जो व्यवहार पुरा झाला, त्याला तो कायदा लागत नाही. मग ज्येष्ठात चिरलेलं आणि ज्येष्ठातच वाळलेलं वांगं श्रावणात खाल्लं, तर ते ज्येष्ठातलंच वांगं! यावर अपील नाही. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटलं.

ही अंगणात कुरडया घालत होती. मी तिला बेत सांगितला.

"इकडून वांगी वाळवायची?" तिने वर न बघता विचारलं. "मग पातळ चिरावी लागतील. मीठ चोळून पाणी काढावं लागेल."

"पेपरात मिठाचं काही लिहिलेलं नाही."

"पेपरवाल्याच्या घरी खाडीचा वारा येत नसेल."

बायकांना शास्त्रीय विषय समजावून सांगण्यात अर्थ नसतो, म्हणून मी पेपराची घडी घालून आत गेलो.

आमचं टिटवाळ्याचं कूळ महिपत. त्याला निरोप धाडला, की येताना वांगी आण. किती ते सांगायचं राहिलं. महिपत बैलगाडी घेऊन आला. "पंतांनी पयल्यांदाच काय मागितलंन, म्हटलं हात आखडता कशाला घ्या," असं म्हणत त्याने पडवीत वांग्यांची रासच ओतली आणि मोठ्या प्रेमाने हसत उभा राहिला. त्याला परत पाठवणं माझ्याच्याने झालं नाही.

पहिली खेप मी जाडजूड फोडी करून, मीठ न लावता चटईवर घातली. काही फोडी शेजारच्या शेळीने नेल्या. उरलेल्यांना दोन दिवसांत पांढऱ्या मिशा फुटल्या आणि असा वास सुटला, की दारावरचा भिक्षेकरी दुरूनच "सुखी राहा" म्हणून पुढे गेला. हिने फक्त मिठाची बरणी माझ्यासमोर आणून ठेवली.

दुसऱ्या खेपेला मी सुधारलो. वांग्यांच्या लांब, पातळ पट्ट्या काढल्या आणि मीठ चोळलं. (जरा जास्तच चोळलं. आता हात आखडता घ्यायचा नाही असं मीही ठरवलं होतं.) शेळी पोचू नये म्हणून सगळ्या पट्ट्या सुतळीत ओवून ओसरीच्या खांबापासून अंगणातल्या आंब्यापर्यंत तोरणासारख्या टांगल्या. ऊन कडक होतं. पट्ट्या आकसल्या, वाकड्या झाल्या, काळपट झाल्या. मी ओसरीवर बसून मोठ्या कौतुकाने त्यांच्याकडे बघत होतो, तेवढ्यात चेंदणीची मालन कोळीण डोक्यावर पाटी घेऊन आळीच्या तोंडावरून चालली होती, ती थबकली.

"काय रं बामना," ती तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाली, "बोंबील सुकवतंस? लय काले परले की रं!"

समोरच्या अंगणात कलावतीबाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांच्या हातातली झारी खाली पडली, तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, की गोविंदराव कारकून घरात बोंबील वाळवतात. एरवी मी यावर हसलो असतो. पण आमच्या सुमतीचं लग्न त्याच वैशाखात झालेलं, आणि श्रावणात तिची पहिली मंगळागौर आमच्या घरी व्हायची होती. आळीतल्या सुवासिनींनी एकेक करून निरोप धाडला: एकीचं डोकं दुखणार होतं, एकीला माहेरी जायचं होतं. श्रावणात डोकं दुखणार हे तिला ज्येष्ठातच कळलं होतं! मंगळागौरीला बायकाच आल्या नाहीत, तर सुमतीच्या सासरी, कल्याणला, ही बातमी आमच्याआधी पोचली असती.

ही चुलीपुढे बसून रडली. "लेकीच्या पहिल्या सणाला माझ्या दारात कुणी येणार नाही," म्हणाली. मला फार लाज वाटली. ती लपवायला मी मोठ्याने ओरडलो, "अगं, पण ते वांगं आहे!"

"मग तसं शास्त्रीबुवांना सांगणं व्हावं."

आळीतले धर्माचे निवाडे करणारे शास्त्रीबुवा माझ्या बोलावण्यावरून आले. सोवळं सावरत त्यांनी दुरून एक पट्टी न्याहाळली, मग काडीने उलटी केली.

"यात बिया आहेत," ते म्हणाले. "बोंबलाला बिया नसतात. हे वांगं."

पाठीमागे जमलेल्या आळीने सुस्कारा सोडला. माझी छाती फुगली. इथे मी थांबायला हवं होतं. पण शास्त्रीबुवांनी सहज विचारलं, "इतकं वांगं वाळवून करणार काय?" आणि मी तेवढ्याच सहज सांगितलं, "चातुर्मासात खाणार."

जमलेली आळी दोन पावलं मागे सरली. बोंबलाची निदान अफवा होती; हा कबुलीजबाब होता.

मी घाईघाईने माझा कायद्याचा मुद्दा मांडला. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून ऐकला.

"पाण्यात टाकल्यावर हे पुन्हा ताजं होतं म्हणता?"

"जसंच्या तसं!" मी म्हणालो. "विलायतेत सिद्ध झालंय."

"म्हणजे श्रावणात पाण्यात पडलं की ते श्रावणात नव्याने वांगं झालं. जन्म श्रावणातला. मग निषिद्ध."

कोर्टात मी पुष्कळ वकील पडलेले पाहिलेत. स्वतः पडण्याची ती पहिलीच वेळ. मी चाचरत म्हणालो, "तसं अगदीच जसंच्या तसं होतं, असं नाही..."

"मग चाखून ठरवू. आषाढीच्या आधी कांदेनवमीला वांगं चालतं, त्या दिवशी मी जेवायला येतो. एका वाटीत ताज्याची भाजी करा, एका वाटीत याची. दोन्ही सारखी लागली, तर तुम्ही चातुर्मासासाठी वांगं साठवलंत हे उघड. प्रायश्चित्त घ्यावं लागेल, आणि मंगळागौरीला यायचं की नाही ते आळी ठरवील."

म्हणजे मी सुटायचं, तर माझं वांगं बिघडलेलं असायला हवं होतं! त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. लेकीसाठी देवाला हात जोडायचे, की भाजी वाईट होऊ दे. आणि डोळे मिटले की मनातून वाटायचं, थोडी चांगली झाली तर काय हरकत आहे? शेवटी कष्ट माझे होते.

कांदेनवमीला पट्ट्या भिजत घातल्या. फोडणीला टाकताना ही मला म्हणाली, "आज जर हे वांग्यासारखं लागलं, तर मी सुमतीला घेऊन माहेरी जाईन." इतक्या स्पष्ट शब्दांत ती माझ्याशी आजवर कधी बोलली नव्हती.

शास्त्रीबुवा पाटावर बसले. आळीतली मंडळी ओसरीत दाटीवाटीने उभी. त्यांनी आधी ताज्या वांग्याची भाजी खाल्ली, मान डोलावली, आणखी मागितली. मग माझी पट्टी तोंडात टाकली. चावली. बाजू बदलून चावली. डोळ्यांत पाणी आलं. थोडं ताक घेऊन पुन्हा चावू लागले. त्यांच्या दोन्ही कानशिलांवर शिरा दिसत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी ती कशीबशी गिळली आणि तांब्याभर पाणी प्यायले.

"गोविंदराव," ते म्हणाले, "निर्धास्त खा. यात वांगं नाही."

ओसरीत एकच हशा झाला. कलावतीबाईंनी तिथल्या तिथे मंगळागौरीच्या फुलांचं आपल्याकडे घेतलं. जिचं डोकं दुखणार होतं तिचंही थांबलं. हिने पदराने डोळे पुसले आणि लगबगीने शास्त्रीबुवांना दक्षिणा आणायला आत गेली. सुमतीची मंगळागौर अशी झाली, की कल्याणची मंडळी अजून नाव काढतात.

मी मात्र खट्टू झालो. निर्दोष सुटून इतकं तोंड पाडलेला आरोपी मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. शास्त्रीबुवांच्या ते लक्षात आलं असावं. माणूस दयाळू. जाताना दारात थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि मनात काही किंतू आणू नका. उपासालासुद्धा चालेल. हे अन्नच नव्हे."

ही गोष्ट आमच्या कुटुंबाने फार मनावर घेतली. दर एकादशीला घरात सगळ्यांच्या पानात रताळ्याचा कीस पडतो, आणि मला पट्ट्या.