जत्रेची फॅट काढणारे अप्पा

नागनाथअप्पा जत्रेची फॅट काढायचे.

दुधाची फॅट काढणं हे तर त्यांचं कामच होतं. केजच्या बाहेर आमच्या सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. तिथं अप्पा तीस वर्षं काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड घालत होते, यंत्रात गरगर फिरवत होते आणि नळी डोळ्यांसमोर धरून दुधात स्निग्धांश किती तो आकडा सांगत होते. त्यात नवल काही नाही. नवल हे, की अप्पांनी हा आकडा दुधापुरता ठेवला नव्हता. सोमवारी कामावर आले की रुमालानं मान पुसत म्हणायचे, "काल खंडोबाची जत्रा केली. सहा पॉइंट दोन." कुणाच्या लग्नाहून आले तर, "चार. जेवन बरं होतं, पर मानसं घड्याळ बघत हुती." आमच्या चेअरमनसाहेबांच्या भाषणाबद्दल ते एकदा म्हणाले, "फॅट सोडा, डिगरीच बसंना. नुसतं पानी." हे वाक्य चेअरमनसाहेबांच्या कानावर गेलं. तेव्हापासून साहेब बोलताना मधूनच अप्पांकडे बघायचे आणि भाषण आवरतं घ्यायचे. संघावर अप्पांचे हे मोठेच उपकार होते.

मी तिथं नवा कारकून होतो. लग्न झालेलं नव्हतं, खोली अप्पांच्या शेजारी होती आणि रविवार खायला उठायचा. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. ज्या गावाहून आठ कॅन यायचे तिथून तीन यायला लागले, मग दीड. जनावरं छावणीत, माणसं ऊसतोडीला. केंद्रातलं यंत्र रिकामंच घुमायचं. अशा एका रविवारी अप्पा सायकल हातात धरून माझ्या दाराशी उभे राहिले.

"जाधव, कावून लोळतोस? चल, चित्रं बघायला."

केजला चित्रं कुठली, असं मी विचारणार होतो. पण मागून अप्पांच्या बायकोचा, शांताकाकूंचा आवाज आला, "जा बाबा त्यांच्यासंगं. दोघांच्या भाकरी बांधल्यात." काकूंना अप्पांच्या फिरण्याचं कौतुकही नव्हतं आणि तक्रारही नव्हती. पोराला शाळेत धाडावं तसं त्या त्यांना रविवारी धाडून द्यायच्या. मीही माझी सायकल काढली.

अप्पांची फिरण्याची हद्द ठरलेली होती. सायकलवर जाऊन दिवेलागणीला घरी परतता येतं तो मुलूख आपला. "तलवाड्याची देवी लई जागृत हाय म्हनत्यात," ते सांगायचे, "असंल. पर सायकलवर बसत न्हाई." डांबरी रस्ता त्यांना आवडत नसे. पाणंद, गाडीवाट, बांध आणि सगळ्यात लाडका म्हणजे कॅनॉल. कॅनॉलच्या कडेची वाट नव्हे, कॅनॉलच! दोन वर्षं त्यात पाणी सुटलेलं नव्हतं. अप्पा सायकल घेऊन सरळ तळाशी उतरायचे.

"असा गुळगुळीत रस्ता पुन्यालाबी न्हाई. आन हारन वाजवनारं कुनी न्हाई."

पहिल्यांदा मला चोरीचं काही करतोय असं वाटलं. मग सवय झाली. दोन्ही बाजूंनी सिमेंटचे उतार, वर बाभळींचे शेंडे आणि त्यांच्यावर नुसतं आभाळ. शेतं दिसत नाहीत, दुष्काळ दिसत नाही. चाकांचा सरसर आवाज आणि पुढं अप्पांची टोपी. कधी वरून एखादी शेळी वाकून बघायची. आपण जागे आहोत की नाही असा प्रश्न पडावा, इतकं ते छान होतं.

चित्रं म्हणजे काय हेही मला त्या दिवशी कळलं. एका गावातल्या सोसायटीच्या भिंतीवर कुणा पेंटरनं गाय काढली होती. खाली 'दूध उत्पादक सहकारी संस्था' असं लिहिलेलं. अप्पा सायकल स्टँडवर लावून भिंतीपुढे दहा मिनिटं उभे.

"पापन्या बघ," ते हळूच म्हणाले.

गाईला पापण्या होत्या. लांब, वर वळलेल्या, नव्या नवरीसारख्या.

"संघानं त्याला गाय सांगितली हुती. पापन्या कुनी सांगितल्या न्हाईत. त्या त्यानं सोताहून दिल्या." मग निकाल लागला, "सात."

पुढच्या गावात मारुतीच्या देवळापाशी एक वीरगळ होता. जुन्या लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरलेला दगड. त्याच्यावर इतका शेंदूर चढला होता की वीर कुठला आणि घोडा कुठला कळत नव्हतं. अप्पांनी माझं बोट धरून दगडावरून फिरवलं. "हे कान. घोड्याचे. आता डोळं मिट आन बघ." मी डोळे मिटून बघितलं आणि घोडा खरंच दिसला. आजवर मी मोठ्या शहरांतली दोन-तीन चित्रदालनं पाहिली आहेत. तिथं हात लावू देत नाहीत.

जत्रांच्या बाबतीत मात्र अप्पांचं एक मला समजत नव्हतं. जिथं पाळणे, कुस्त्या, तमाशा, तुफान गर्दी, त्या जत्रेला ते जात नसत. "दूध लई, पर पानी घातलेलं," म्हणायचे. आणि जिथं एक फुगेवाला आणि चार म्हाताऱ्या, तिथं उन्हातान्हात पोचायचे. माघातल्या पुनवेला अप्पा मला अशाच एका गावाला घेऊन गेले. नाव लहान आणि माणसं त्याहून कमी. निम्म्या घरांना कुलपं. तरणीताठी माणसं कोयते घेऊन कारखान्यांकडे गेलेली, उरलेलं सगळं गाव साठीच्या पुढचं. फुगेवालासुद्धा आला नव्हता.

देवळाच्या पायरीवर गुरव डोक्याला हात लावून बसला होता. बाजूला पालखी सजवून ठेवलेली. तिच्याभोवती दोन म्हातारे आणि पायरीवर पाच-सहा म्हाताऱ्या.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"काय व्हायचं! खांदे चार लागत्यात. आमी तिघं," गुरव म्हणाला. "एका खांद्यासाठी देव अडलाय."

"एकासाठी कावून? दोन आनलेत," अप्पा म्हणाले आणि सायकल एका आजीच्या हातात देऊन मोकळे झाले. "चल बे जाधव, उचल!"

आता आमची उंची सांगायला हवी. मी ताडमाड, अप्पा माझ्या खांद्याला. पुढचे दांडे आम्ही दोघांनी घेतले आणि मागं ते म्हातारे. पालखी उचलली तशी ती अप्पांच्या बाजूला कलली. आतला देव घसरत त्यांच्या कानाशी जाऊन बसला.

"देवा, गुपित हाय का काही?" अप्पा म्हणाले. पायरीवरच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

मी गुडघे वाकवून चालायला लागलो. तसं दीड फर्लांग चालून बघा, म्हणजे भक्ती काय असते ते कळेल. हलगीवाले ऊस तोडायला गेलेले, त्यामुळे वाजवायला काही नव्हतं. सायकल धरलेल्या आजीनं तिची घंटी वाजवायला सुरुवात केली. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग. पुढं गुरव, मागं पालखी, तिच्यामागं सायकल ढकलत घंटी वाजवणारी आजी आणि बाकीच्या म्हाताऱ्या. कुलूप लावलेल्या प्रत्येक घरापुढं गुरव थांबायचा आणि घरात माणसं असल्यासारखी आरती दाखवून पुढं निघायचा.

वेशीपर्यंत जाऊन आलो. पालखी टेकवली तेव्हा गुरवानं अप्पांचे हात धरले. आजीनं सायकल परत दिली. म्हणाली, "फुडच्या साली या बरं का, लेकरांनो."

परतीच्या वाटेवर, कॅनॉलमध्ये, मी विचारलं, "अप्पा, माणसं कमी पडणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"जत्रंला बघनारा लागतो," ते म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाले, "धा. आजवर कंदी दिली न्हाई. पर धा."

वैशाख आला. केंद्र सकाळ-संध्याकाळऐवजी दिवसातून एकदाच उघडायला लागलं. त्याच सुमारास बातमी आली, की धरणाचा तळ उघडा पडलाय आणि पाण्याखाली गेलेली जुनी गावं दिसतायत. लोक जीपा भरभरून बघायला निघाले. आमचा कॅन धुणारा रघुनाथ अप्पांना म्हणाला, "अप्पा, धरनात नवी जत्रा लागलीया. जाऊन फॅट काढून या की!"

सगळे हसले. अप्पा नळी पुसत होते. ती पुसून झाली तरी ते पुसतच राहिले. आकडा सांगितला नाही.

रविवारी उजाडताच ते माझ्या दारात आले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, धुतलेली टोपी. शांताकाकू त्या दिवशी दारापर्यंत आल्या होत्या. "त्यांच्याजवळच ऱ्हा बरं का," एवढंच मला म्हणाल्या.

कॅनॉलनं वर वर जात आम्ही धरणाशी पोचलो. भिंतीच्या एका अंगाला जीपा लागल्या होत्या. भेळेची गाडी होती, पोरं फोटो काढत होती. अप्पा तिकडे वळले नाहीत. दुसऱ्या बाजूनं सायकली ठेवून आम्ही पात्रात उतरलो. भेगाळलेला गाळ, त्यावर शिंपल्यांचा थर. पावलापावलाला कुरकुर आवाज. दूर मध्यभागी पाण्याचं एवढंसं डबकं आणि त्यात बगळे. सगळं इतकं पांढरं आणि मोकळं, की चालूनही आपण पुढं सरकत नाही असं वाटत होतं.

अप्पा मात्र झपाझप चालत होते. मोकळ्या गाळात मधूनच डावीकडे वळायचे, मग सरळ. मी विचारलं, "इकडून सरळ गेलं तर जवळ नाही का?"

"मधी चावडी हाय," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "अप्पा, हे तुमचं गाव?"

"हिवरवाडी. मी वीस वर्साचा हुतो."

"कधी बोलला नाहीत."

"कुनी इचारलं न्हाई. आन इचारलं असतं तर दाखवलं काय असतं? पानी?"

देवळाच्या तीन पायऱ्या उरल्या होत्या. अप्पा त्यांच्यापुढं थांबले. "शेवटच्या साली निम्मं गाव आधीच उठून गेलतं. जत्रंला आमी तिघंच. बाप, मी आन गुरव. वाट बघितली दुपारपातूर. मग देवाला परत आत ठिवलं." त्यांनी वाकून पायरीवरचा गाळ हातानं बाजूला केला. "दुसऱ्या साली पानी आलं."

मी म्हणालो, "पाऊस पडला की पुन्हा जाईल हे."

"जाऊ दे. लवकर पडू दे," अप्पा पटकन म्हणाले. "मानसं लई कावलीत. जनावरं मराया लागली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हनून आज आलो. आज घरी जाऊन येऊ म्हनलं."

पुढं दगडांच्या रांगा होत्या. घोट्याएवढ्या उंचीच्या, काही तर गाळात बुडालेल्या. एका रांगेपाशी अप्पांनी चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या. मीही काढल्या. गाळ तापायला लागला होता. दगडांवरून टांग टाकून मी पलीकडे जाणार, एवढ्यात अप्पांनी माझा दंड धरला.

"तिकडून न्हाई. ती भिंत हाय."

मी पाय मागं घेतला. त्यांच्या मागून रांगेला वळसा घालून पुढच्या बाजूला गेलो. तिथं दोन दगडांमध्ये हातभर फट होती. अप्पा त्या फटीतून आत गेले, वळले आणि सदरा सारखा करून उभे राहिले. एरवी मला जाधव, चल बे, उचल बे म्हणणारा तो माणूस दोन्ही हात जोडून म्हणाला,

"या जाधवसायेब. जरा वाकून या. चौकट बुटकी हाय, पाव्हन्यांच्या डोक्याला लागती."

डोक्यावर वैशाखाचं आभाळ होतं, दुसरं काही नव्हतं. मी वाकलो आणि आत गेलो.