हळदीचा डाग आणि गोविंदमास्तर

माझ्या लग्नाची हळद लागली त्याच दुपारी गोविंदमास्तरांनी माझं धोतर मागितलं. मी ते नेसलेलो होतो!

"अंघोळ झाल्यावर द्या. फक्त धुऊ नोका," एवढी सवलत त्यांनी दिली.

अकोल्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून. मी वकील, मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवणारे. हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही, पण उन्हात उडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मास्तरांना त्याचं कारण हवं होतं. आळीतले हळदीचे कपडे गोळा करून ते वाळत घालायचे, अर्धे उन्हात, अर्धे पोत्याखाली. माझं धोतर परत आलं ते अर्धं पिवळं, अर्धं पांढरं. बायकोनं हे माहेरी सांगितलं. काय अब्रू राहिली माझी!

माणूस एका जागी बसेल तर शपथ. वैशाखातसुद्धा ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत.

"अहो, उन्हानं उडतो, संपलं!" मी एकदा ओरडलो.

"पण काहून? वकीलसाहेब, हळदीच्या रेणूवर ऊन पडलं का तो माळ्यावर चढते. तिथून उडी टाकली तं चमकते. पण वर दोन माळे हाय, एकमेकांले लागून. चढला ह्याच्यावर अन् घसरला त्याच्यावर, का गुमान मागच्या शिडीनं उतरते. चमक नाही, काही नाही. एखादा तं तिथंच तुटते. तोच उडाला डाग!"

ती चमक ते बाटलीत दाखवत. स्पिरिटात हळद घालून बाटली उन्हात धरली की हिरवट उजेड दिसे, पाणी घातलं की मंदावे. पाहून वहीत लिहायचं काम कमळचं. ही त्यांची आईविना वाढलेली एकुलती एक लेक.

"बाबा, तुम्हीही बघा ना."

"तूच पाह्य. शिकायचं तुले हाय, मले नाही."

कमळ मॅट्रिक झाली, नागपूरच्या कॉलेजात सायन्सला जागा मिळाली आणि पोरगी अडून बसली. बाबांना एकटं टाकून जाणार नाही म्हणाली.

मास्तर कडाडले, "तुह्यावाचून माहं काही अडत नाही! जाय!"

असा राग आला मला! कसला हा बाप? मी तोंडावर बोललोही. मास्तर नुसते येरझाऱ्या घालत राहिले.

स्टेशनवर मात्र ते खिडकीसमोर खिळल्यासारखे उभे. शिट्टी झाली तशी माझा दंड धरून कुजबुजले, "रडून राह्यली का?"

"समोर तर आहे तुमच्या!"

"तोंड दिसत नाही मले. नुसती सावली. दोन वर्सं झाली. तिले समजलं तं खाली उतरते पोरगी. सांगा ना, रडून राह्यली का?"

खिडकीत कमळ तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती.

"नाही हो मास्तर," मी म्हणालो, "हसून राह्यली."

मास्तर तोंडभर हसले. गाडी सुटली, खिडकी पुढे निघून गेली, तरी ते समोरच पाहत हात हलवत होते.